माथ्यापासून पायथ्याकडे

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात तो पाचशेच्या आसपासच अडतो. तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं सिन्नरमध्ये असतात, तशी इगतपुरी, त्र्यंबक आणि पेठमध्येही असतात. पडलेलं पाणी जमिनीत मुरवायचं कसं, हा नाशिक जिल्ह्याचा खरा प्रश्न आहे. नाशिकला श्रद्धा आणि पर्यावरणाची गोष्ट निघाली की बोलणं गोदाघाटावर येतं, आणि ते रास्तच आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेनं या प्रश्नात केलेलं सर्वांत भरीव काम बघायचं तर घाट सोडून सिन्नरपलीकडे, संगमनेर तालुक्यातल्या उघड्या माळांवर जावं लागतं.

फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. हे येशूसंघीय धर्मगुरू 1948 मध्ये भारतात आले आणि पुढे नगर जिल्ह्याचेच झाले. 1972च्या दुष्काळात या भागात विहिरी खोल करण्याची कामं झाली. पण जमिनीत पाणीच मुरत नसेल तर विहीर खोल करून थोडे दिवस निभावतं, इतकंच. डोंगर बोडका, माती वाहून गेलेली, ओढे चार तासांत कोरडे: इलाज तिथे, वर करायला हवा होता. 1980च्या दशकाच्या शेवटी बाखर यांच्या पुढाकारानं भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. त्यात नाबार्ड सहभागी झालं. 1993 मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली.

कामाचं सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, मग उतारावर झाडं आणि गवत, घळींत दगडी बांध, शेतांना बांधबंदिस्ती, आणि नालाबांध सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केला की बंधारा दोन पावसाळ्यांत गाळानं भरतो. सरकारी कामांत तो उलटा होताना आपण पुष्कळदा पाहिलेला आहे, कारण बंधारा डोळ्यांना दिसतो आणि चर दिसत नाहीत. गावाला अटी होत्या त्या श्रमदानाच्या, चराईबंदीच्या, कुऱ्हाडबंदीच्या. धर्माची अट नव्हती. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 मध्ये काम सुरू झालं. उन्हाळ्यात कामाच्या शोधात बाहेर पडणाऱ्या या गावात पुढे विहिरींना पाणी आलं, आणि बाहेरगावची माणसं पाणलोटाचं काम शिकायला तिथे येऊ लागली.

या कौतुकात एक गोष्ट झाकली जाऊ नये. चराईबंदीचा पहिला चटका बसतो तो मेंढपाळाला आणि भूमिहीनाला. माळ बंद झाला की त्याची मेंढरं आजच उपाशी राहतात, आणि विहिरीला येणारं पाणी तर शेतमालकाचं असतं. म्हणून कुरण टप्प्याटप्प्यानं बंद करणं, मजुरीची कामं आधी त्याच घरांना देणं, कापून नेण्याच्या गवतात त्यांचा वाटा ठेवणं, याला मी चराइतकंच महत्त्व देतो. धर्माची कसोटी इथेच लागते.

संगमनेरच्या माळावर हे घडण्याच्या कितीतरी आधीपासून पश्चिमेत वाद पेटलेला होता. 1967 मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी निसर्गाच्या ऱ्हासाचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर ठेवला: माणसाला सृष्टीचा धनी ठरवलं, म्हणून ही लूट. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला सत्ता दिली आहे, हे खरंच. पण दुसऱ्या अध्यायात त्याला बागेत ठेवलं आहे ते तिची मशागत आणि राखण करायला. चर्चनं हा दुसरा अध्याय फार उशिरा वाचायला घेतला, असं मला वाटतं. 1979 मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस पर्यावरणाचे आश्रयदाते संत ठरले. 1989 मध्ये ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू दिमित्रिओस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र आलं. धरणीचं दुखणं आणि गरिबाचं दुखणं त्यात वेगळं काढलेलं नाही. दरेवाडीचा मेंढपाळ त्या पत्राच्या केंद्रस्थानी बसतो.

महाराष्ट्रात या धाग्याची दुसरी टोकंही आहेत. स्विस धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पती नोंदवल्या. त्यांच्या नावाचं वनस्पतिसंग्रहालय मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आहे. हर्मेनेगिल्ड सांतापाव खंडाळ्याच्या घाटात झाडं हुडकत हिंडले आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले.

वसईची कहाणी मात्र लढ्याची आहे. केळीच्या वाड्या, फुलबागा आणि बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, असलेल्या त्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर गेली, विहिरींचं गोडं पाणी टँकरनं बाहेर जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून उभे राहिले. ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी त्या लढ्यात एकत्र होते. मराठी साहित्य संमेलनानं 2020 मध्ये धाराशिवला दिब्रिटोंना अध्यक्षपद दिलं, तो या कामाचाही मान होता. 2024 मध्ये ते गेले. वसईचा हिरवा पट्टा तेव्हाही आक्रसतच होता.

आता नाशिक. 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या पाच जिल्ह्यांत पाण्याची ओढ असलेली कितीतरी गावं येतात. चर्च, शाळा, दवाखाने यांची मोठी आवारं आहेत, दर रविवारी जमणारी माणसं आहेत. दरेवाडीच्या धड्याचा पुढचा भाग या माणसांनी हाती घ्यावा. कारण पाणी आलेल्या गावांत आता कांदा, डाळिंब आणि बोअरवेल यांची स्पर्धा लागते. वर मुरवलेलं पाणी खालून उपसलं जातं. त्यावर गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक बसेल. चर्चचं सृष्टिपर्व 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर असतं. पावसाळा सरत येतो, विहिरींची पातळी मोजायची आणि रब्बीचं पीक ठरवायचं तेव्हाच. फादरांनी, पाळकांनी त्या दिवसांत ग्रामसभेला जावं, मोजपट्टी धरावी, आणि भूमिहीनाच्या घरचा हंडा ताळेबंदात पहिल्या ओळीवर लिहिला गेला की नाही, हे बघावं.