56 फुटांची होडी, दोघीजणी आणि आठ महिने समुद्र: दिवस जातो तरी कसा?

शिडाच्या होडीचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. पांढरी शिडं, निळं पाणी, मागे सूर्यास्त आणि हातात कॉफीचा मग. किनाऱ्याजवळ हे चित्र खरंही असतं. पण जमीन दिसेनाशी झाली, की कॉफीचा मग हातात धरून ठेवणं हेच एक काम होऊन बसतं.

2 ऑक्टोबर 2024 रोजी भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या. जगाला वळसा घालून 29 मे 2025 ला त्या पुन्हा गोव्यात पोहोचल्या. वाटेत मुक्काम चारच: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन. एकूण अंतर 25 हजार सागरी मैलांच्या वर, म्हणजे 46 हजार किलोमीटरपेक्षा जास्त. गोवा ते फ्रीमँटल हा पहिलाच टप्पा पाच आठवड्यांहून मोठा होता.

तारिणी आहे 56 फुटांची. म्हणजे साधारण एसटीची दीड गाडी. तिचा आराखडा डच, पण बांधणी गोव्यातली, रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यातली. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे ज्या होडीतून जगाला एकट्याने चक्कर मारून आले, ती 'म्हादेई'ही इथलीच. या दीड एसटीत झोपायची जागा, स्वयंपाकघर, संडास, सुटे भाग, हत्यारं, जादा शिडं आणि काही महिन्यांचा शिधा, सगळं बसवायचं असतं.

आता मुख्य प्रश्न. रात्री होडी थांबवून झोपतात का?

नाही. भर समुद्रात खोली कित्येक किलोमीटर असते, त्यामुळे नांगर टाकायचा प्रश्नच येत नाही. होडी चोवीस तास चालूच राहते. सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट किंवा वाऱ्याच्या दिशेवर चालणारं एक यंत्र सांभाळतं, पण लक्ष ठेवायला माणूस जागा लागतोच. दोघं असले की तीन-चार तासांच्या पाळ्या लावतात. एक वर, एक खाली. सलग सात-आठ तास झोप आठवडेच्या आठवडे मिळत नाही.

एकट्याने जाणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. ते वीस-तीस मिनिटांचा गजर लावून झोपतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. छोट्या होडीच्या डेकवरून क्षितिज जेमतेम सहा किलोमीटरवर असतं. मालवाहू जहाज उंच असल्याने आणखी लांबून दिसतं खरं, पण ते ताशी 35 किलोमीटरच्या आसपास वेगाने येत असतं. त्याचा माथा दिसल्यापासून ते अंगावर येईपर्यंत हातात एवढाच वेळ उरतो. आजकाल जहाजं एकमेकांना रेडिओ सिग्नलवरून 'दिसतात', पण जहाजावरून पडून पाण्यात तरंगणारा कंटेनर कसला सिग्नल देणार?

दुसरी गोष्ट फोटोत कळत नाही, ती म्हणजे घर तिरकं असतं. वारा बाजूने आला की होडी पंधरा-वीस अंश कलते आणि तशीच कित्येक दिवस राहते. पलंगाच्या बाजूला कापडाची झोळी बांधलेली असते, नाहीतर झोपलेला माणूस थेट जमिनीवर. गॅसची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते, म्हणजे होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं. तरीही उकळतं पाणी अंगावर सांडायची भीती असतेच. म्हणून अनेकजण उकाड्यातसुद्धा जाड रबरी पँट घालून स्वयंपाक करतात. आपला साधा कुकर इथे फार कामाचा. झाकण घट्ट बसतं, उलटला तरी आमटी आतच राहते आणि गॅसही कमी लागतो.

भाज्यांचं सुख पहिले दोन आठवडे. मग कांदे, बटाटे, कोबी आणि लिंबं तेवढी उरतात. फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली, न धुतलेली अंडी व्हॅसलीन चोळून ठेवली तर कित्येक आठवडे टिकतात. त्यानंतर डाळ-तांदूळ, डबाबंद पदार्थ आणि गरम पाणी ओतून खायची पाकिटं.

पिण्याचं पाणी समुद्रातूनच काढतात. मीठ वेगळं करणारं यंत्र असतं, पण त्याला वीज लागते आणि तेही बिघडतं. मग शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी बादलीत धरायचं. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या टाक्यांमधलं पाणी वाटेतच खराब झालं होतं. 312 दिवसांच्या त्या प्रवासातला बराच काळ पावसावर निघाला. त्यांची 32 फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं.

गोडं पाणी जपायचं म्हणून आंघोळ आणि कपडे बरेचदा खाऱ्या पाण्यात. त्याची गंमत अशी, की मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा उन्हात वाळला तरी रात्री पुन्हा ओलसर होतो. अंगावर चट्टे उठतात ते यामुळेच.

दिवसाचा मोठा भाग जातो तो दुरुस्तीत. दोर एकाच जागी हजारो वेळा घासला की तुटतो, शीड शिवणीत उसवतं. म्हणून रोज सकाळी डेकवर फेरी मारून प्रत्येक दोर, प्रत्येक खिळ बघायची. डेकवर एखादा नट पडलेला सापडला, तर तो कुठून निसटला हे कळेपर्यंत कुणाला चैन पडत नाही. डोलकाठीच त्याच्यावर उभी असू शकते.

सगळ्यात मोठी भीती वादळाची असेल असं वाटतं. खरी भीती असते पाण्यात पडण्याची. होडी सहा नॉटने जात असेल तर एका मिनिटात ती 185 मीटर पुढे गेलेली असते. लाटांमध्ये माणसाचं डोकं तेवढ्या अंतरावर शोधणं जवळपास अशक्य, आणि दुसरी व्यक्ती तर खाली गाढ झोपेत! म्हणून पाळीवरचा माणूस पट्ट्याने होडीला बांधलेला असतो. रात्री तर बांधून घेतल्याशिवाय बाहेर पाऊलच टाकायचं नाही.

मदत मागायची तर कुणाकडे? जानेवारी 2025 मध्ये तारिणी पॉइंट निमोजवळून गेली. कुठलीही जमीन तिथून किमान 2,688 किलोमीटर लांब आहे. अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा सर्वांत जवळची माणसं तीच असतात, कारण ते 400 किलोमीटरवरच फिरतं.

2018 मध्ये नौदलाचे अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे होते. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर इजा झाली. उभंही राहता येत नव्हतं. जगाला त्यांचं ठिकाण नेमकं माहीत होतं, तरी फ्रेंच गस्ती जहाज 'ओसिरिस' पोहोचलं ते 24 तारखेला. पुढच्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले.

होडीवर दोघं असले की एकटेपणा नसेल, असं कुणालाही वाटेल. पण पाळ्यांचं गणित बघा. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. भेट होते ती पाळी बदलताना, पाच-दहा मिनिटं, आणि तेव्हाही बोलणं वाऱ्याचं नि शिडांचं. म्हणून बऱ्याच होड्यांवर दिवसातलं एक जेवण दोघांनी जागं राहून एकत्र करायचं ठरवून टाकलेलं असतं, झोपेचा अर्धा तास गेला तरी चालेल.

बंदरात उतरल्यावर पहिले काही दिवस जमीन डोलते. मेंदूला होडीची इतकी सवय झालेली असते की स्थिर फरशीवर चालताना तोल जातो. आणि रात्री तीन-चार तासांनी जाग येतेच, आपली पाळी आली म्हणून.