रस्त्यावर झुकलेला मजला
(लेखांक सहावा)

इंग्लंडमधल्या यॉर्कला जाणारे पर्यटक शॅम्बल्सच्या अरुंद बोळात गर्दी करतात. तिथून पायी काही मिनिटांवर, गुडरमगेट रस्त्यावर, पांढऱ्या गिलाव्याची बुटकी, कौलारू, दुमजली ओळ आहे. तिचं नाव ‘लेडी रो’. तिच्याकडे फारसं कोणी वळून पाहत नाही. पण ती 1316च्या सुमाराची आहे, आणि शहरातल्या सर्वात जुन्या घरांमध्ये तिची गणना होते.

ही घरं बांधली गेली ती भाड्यासाठी. मागेच होली ट्रिनिटी चर्च आहे. तिथे मेरीमातेच्या वेदीपाशी मृतांसाठी नित्य प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूचं वेतन या भाड्यातून निघायचं. आपल्याकडे देवस्थानाच्या गाळ्यांच्या उत्पन्नावर दिवाबत्ती चालते, तसंच हे. जागा मिळाली ती चर्चच्या दफनभूमीची कडा. त्यामुळे ओळ लांबलचक, पण रुंदी एकाच खोलीची. एकेक खण म्हणजे एकेक बिऱ्हाड, खाली एक खोली आणि वर एक.

खरी गंमत वरच्या मजल्यात आहे. तो रस्त्याच्या बाजूला खालच्या भिंतीपुढे आलेला दिसतो. या पद्धतीला ‘जेटी’ म्हणतात, आणि तिच्या इंग्लंडमधल्या सर्वात जुन्या नमुन्यांपैकी एक इथे शाबूत आहे. खालच्या भिंतीवरच्या तुळईवरून वरच्या मजल्याच्या जमिनीच्या कड्या बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची, एवढीच ही रचना. त्या काळचे सुतार कड्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू खाली करून बसवत. अशी कडी मधोमध वाकते. पण बाहेरच्या टोकावर भिंतीचं वजन पडलं की ते टोक दाबलं जातं आणि कडीचा मधला भाग उचलला जातो. जमीन कमी हलते. शिवाय वर थोडी जागा जास्त मिळते आणि खालच्या भिंतीवर पावसाचं पाणी कमी येतं. खालच्या जागेवर कर बसायचा म्हणून मजले पुढे काढले, असं वाटाडे रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. सुताराचं गणित पुरेसं आहे.

मागच्या बाजूला मात्र जेटी नाही. तिथली जमीन मृतांची होती.

सांगाडा ओकचा, सांध्यांत लाकडी खुंट्या, मधल्या भिंती कुडाच्या. आज गिलाव्याखाली यातलं फारसं दिसत नाही, आणि तळमजल्यावर दुकानं थाटली आहेत. 1547मध्ये राजा सहाव्या एडवर्डच्या राजवटीत मृतांसाठीच्या अशा प्रार्थनांच्या देणग्याच कायद्याने बंद झाल्या. ज्या कामासाठी भाडं गोळा व्हायचं ते संपलं, घरं उरली.

यॉर्कला गेलात तर विटांच्या कमानीतून चर्चच्या आवारात शिरा आणि ही ओळ मागूनही बघा. पुढच्या आठवड्यात चेस्टरच्या दुमजली बाजारपेठेकडे वळू.