निळ्या द्राक्षांचं माहेर कोणतं?

बंगळुरूत राहत असाल तर हातगाडीवर तुम्ही ती नक्की पाहिली असतील. गोल, लहान, काळपट निळी द्राक्षं आणि वर पांढरट लव, जणू कुणी पिठाचा हात लावलाय. शेजारीच हिरव्या लांबट सीडलेस द्राक्षांचा ढीग असतो आणि आपला हात आपोआप त्या ढिगाकडे जातो.

आमच्या घरीही हेच व्हायचं. आई सांगलीकडची, बिनबियांची द्राक्षं खात वाढलेली. या निळ्या द्राक्षांना ती नाक मुरडायची. "साल जाड, आत बिया, आणि वास कसला तो अत्तरासारखा!" एकदा गाडीवाल्या अण्णांनीच तिच्या हातावर दोन द्राक्षं ठेवली आणि म्हणाले, "बीज इदे, आदरे रुची चेन्नागिदे." म्हणजे बिया आहेत खऱ्या, पण चव छान आहे. आईने एक तोंडात टाकलं, दाबलं, तर गर सटकन बाहेर आला आणि साल वेगळी झाली. त्या दिवशी अर्धा किलो घरी आली.

ही द्राक्षं म्हणजे 'बंगळूर ब्लू'. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे, पण त्यासाठी आपल्याला थोडं लांब, युरोपातल्या क्रोएशियापर्यंत जावं लागेल. कारण तिथेही एक निळं द्राक्ष आहे आणि त्याचं माहेर शोधण्याची कथा एखाद्या रहस्यकथेसारखी आहे.

आधी आपल्या शहराचं द्राक्ष

बंगळूर ब्लू बंगळुरू शहर आणि ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार या भागांत पिकतं. नंदी हिल्सला जाताना रस्त्याच्या कडेला दिसणाऱ्या मांडवांवर बऱ्याचदा हेच असतं. सुमारे दीडशे वर्षांपासून या भागात त्याची लागवड होते असं मानलं जातं. 2013 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला.

महाराष्ट्रातल्या बागायतदारांना एका गोष्टीचं नवल वाटेल. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, पण पीक एकच मिळतं. बंगळूर ब्लू मात्र इथल्या सौम्य हवेत वर्षाला दोन पिकं देते. खाण्याखेरीज तिचा ज्यूस होतो, जॅम होतो, आणि गोव्यातल्या गोड पोर्ट वाईनसाठीही ही द्राक्षं मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.

आता गंमत अशी, की नावात बंगळुरू असलं तरी ही वेल मुळात अमेरिकेच्या कुळातली आहे. तो अत्तरासारखा वास आणि गरापासून सुटणारी साल ही तिकडच्या 'लाब्रुस्का' द्राक्षांची खूण. जाणकार तिला 'इझाबेला' नावाच्या जुन्या अमेरिकन जातीच्या जवळची मानतात. मग जीआय टॅग मिरवणारं हे द्राक्ष आपलं म्हणायचं की परकं?

क्रोएशियातलं 'छोटं निळं'

क्रोएशियाच्या दक्षिणेला, समुद्राकाठी डाल्मेशिया नावाचा प्रदेश आहे. तिथलं सगळ्यात लाडकं लाल वाईनचं द्राक्ष म्हणजे 'प्लावात्स माली'. त्यांच्या भाषेत 'प्लावो' म्हणजे निळं आणि 'माली' म्हणजे छोटं. आपल्या बंगळूर ब्लूची नावापुरती बहीणच म्हणा ना!

पेल्येशात्स द्वीपकल्पावर दिंगाच नावाची एक जागा आहे. तिथे या वेली थेट समुद्रात उतरणाऱ्या खडकाळ उतारावर वाढतात. उतार इतका तीव्र, की ट्रॅक्टर चालत नाही. पूर्वी द्राक्षं गाढवांच्या पाठीवर लादून डोंगराच्या पलीकडे न्यावी लागत. शेवटी 1970च्या दशकात गावकऱ्यांनी डोंगरातून सुमारे 400 मीटरचा बोगदा खोदला, द्राक्षं गावात आणता यावीत म्हणून. इथल्या वाईनला 1961 मध्येच कायद्याचं संरक्षण मिळालं होतं. क्रोएशियात असा मान मिळवणारी ही पहिलीच वाईन.

हरवलेली आई

आता रहस्यकथेकडे येऊ. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 'झिनफँडेल' नावाचं द्राक्ष फार प्रसिद्ध आहे. 1820च्या दशकात ते व्हिएन्नाच्या शाही रोपवाटिकेतून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आलं आणि पुढे सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांबरोबर 1850च्या दशकात कॅलिफोर्नियात पोहोचलं. पण व्हिएन्नाला ते कुठून आलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अमेरिकन लोक ते आपलंच समजू लागले.

माइक ग्रगिच नावाचे एक वाईनमेकर होते. जन्म क्रोएशियातला, नाव कमावलं कॅलिफोर्नियात. त्यांना झिनफँडेलच्या वेली पाहून गावाकडच्या प्लावात्स मालीची आठवण यायची. दोन्ही एकच असावीत, असं ते सांगत राहिले.

1998 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञ कॅरोल मेरेडिथ डाल्मेशियात गेल्या. झाग्रेब विद्यापीठाचे इव्हान पेयिच आणि एदी मालेतिच त्यांच्या सोबतीला होते. बागाबागांतून त्यांनी वेलींचे नमुने गोळा केले आणि डीएनए तपासला. उत्तर वेगळंच निघालं. प्लावात्स माली म्हणजे झिनफँडेल नव्हे, तर झिनफँडेलचं लेकरू! दुसरी जात होती शोल्ता बेटावरची 'दोब्रिचिच'.

लेकरू इथे, म्हणजे आईही कधीतरी इथे नांदली असणार. शोध सुरूच राहिला. 2001 मध्ये स्प्लिट शहराजवळच्या कास्तेल नोवी गावात एका जुन्या बागेत झिनफँडेलशी तंतोतंत जुळणारी वेल सापडली. गावातले लोक तिला 'त्सर्ल्येनाक' म्हणत, म्हणजे साधारण 'लालसर'. हजारो वेलींच्या त्या बागेत अशा वेली होत्या फक्त नऊ.

पुढे एका संग्रहालयात जपलेल्या जुन्या सुकलेल्या वेलीची तपासणी झाली, तेव्हा तिचं आणखी जुनं नाव पक्कं झालं, 'त्रिबिद्राग'. हे नाव पंधराव्या शतकापासूनच्या कागदपत्रांत सापडतं. एके काळी मानाने मिरवणारी ही वेल रोग, स्थलांतर आणि बदलत्या बाजारामुळे घरच्याच अंगणात जवळजवळ विसरली गेली होती. अमेरिकेत मात्र तिच्या हजारो एकर बागा उभ्या होत्या.

काडी कुठेही रुजते

हे शक्य झालं, कारण द्राक्ष बीपासून नाही, काडीपासून लावतात. काडी लावली की तीच वेल पुन्हा जन्मते, फक्त गाव बदलतं आणि नाव बदलतं. त्रिबिद्रागचीच वेल इटलीत 'प्रिमितिवो' झाली, अमेरिकेत झिनफँडेल झाली. आणि हो, नाशिकलाही आली! सुला वाइनयार्ड्सने नाशिकमध्ये झिनफँडेलची वाईन केली, तेव्हा डाल्मेशियाच्या त्या नऊ वेलींची नातेवाईक गोदावरीच्या खोऱ्यात नांदू लागली होती.

आपली 'देशी' वाटणारी द्राक्षंही अशीच फिरून आलेली आहेत. सांगलीच्या तासगाव भागाने जगाला दिलेली 'तास-ए-गणेश' ही थॉम्पसन सीडलेसमधून शेतकऱ्याच्या नजरेने निवडलेली जात. थॉम्पसन हे नाव कॅलिफोर्नियातलं, वेल त्याहून जुनी, पश्चिम आशियातली. आणि आज महाराष्ट्रातल्या कितीतरी बागांत वर थॉम्पसनची फांदी असते, तर जमिनीत 'डॉगरिज' नावाचा अमेरिकन खुंट.

मग 'आपलं' द्राक्ष कोणतं? मला वाटतं, ज्याला आपल्या मातीतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ते आपलं. बंगळूर ब्लूला अमेरिकेतलं माहेर आहे, पण दीडशे वर्षं ती या सासरी रुळली आहे.

आता आपली पाळी

काळजी एवढीच, की त्रिबिद्रागसारखं तिचंही होऊ नये. देवनहळ्ळीला विमानतळ आला, शहर उत्तरेकडे पसरलं, जमिनीचे भाव आभाळाला भिडले. बाजारात मागणी बिनबियांच्या द्राक्षांना. गिऱ्हाईकच नसेल तर शेतकऱ्याने मांडव कुणासाठी राखायचा? त्रिबिद्रागच्या वेली सापडल्यावर क्रोएशियात पुन्हा हजारोंनी लावल्या गेल्या, पण त्यासाठी निदान नऊ तरी शिल्लक होत्या. एका शेतकऱ्याने त्या उपटल्या नव्हत्या, एवढंच.

आपण काय करू शकतो? पुढच्या वेळी गाडीवर ही निळी द्राक्षं दिसली, तर अर्धा किलो घ्या. मुलांना बिया आवडत नसतील तर सरबत करा. द्राक्षं स्वच्छ धुवून थोड्या पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. साली फुटून रंग उतरला की चाळणीवर हलक्या हाताने दाबून गाळा. मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या तर सरबत तुरट होतं. चवीपुरती साखर, चिमूटभर काळं मीठ घाला आणि गार करून प्या. रंग इतका सुंदर येतो, की मुलं स्वतःहून दुसरा ग्लास मागतात.

आमच्याकडे आता सीझन आला की आईच विचारते, "अण्णांकडे निळी आली का गं?" तुमच्या घरीही यंदा हा प्रश्न ऐकू यावा, एवढीच इच्छा.