बंधाऱ्याकडची फेरी

कसबा बावड्यात पहाटे पळायचं तर मी राजाराम बंधाऱ्याकडेच वळतो. लाइन बाजारातून, शाहू महाराजांचा 1874 मध्ये जिथं जन्म झाला त्या लक्ष्मी-विलास पॅलेसच्या बाजूनं बाहेर पडायचं, उसाच्या शेतांतून पंचगंगेवर यायचं आणि दुसऱ्या वाटेनं गावात परतायचं. गळीत हंगामात मात्र ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना जपावं लागतं. साखर कारखाना गावातच आहे.

नवख्यांना मी एकच सांगतो: पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून शब्द तुटायला लागले की खुशाल चालायचं, त्यात कमीपणा कसला? डांबरी सोडून कडेच्या मातीवरनं पळालं तर पायाला बरं वाटतं, फक्त खड्डे बघायचे.

बंधाऱ्यावर मी हमखास रेंगाळतो. हा कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की खांबांमधल्या गाळ्यांत बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी ते काढून नदीला वाट मोकळी करायची. पुराच्या दिवसांत अख्खं कोल्हापूर इथल्याच पाणीपातळीचा आकडा विचारतं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं.

पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की तिकडं फिरकायचंच नाही. तेव्हा मी रंकाळा गाठतो. वाट सपाट, पण गर्दी एवढी की पळण्यापेक्षा रामराम घालण्यातच जास्त वेळ जातो.