मँगेनीजचं विष आणि प्रयोगशाळेतला उंदीर

मागच्या खेपेला शिशाबद्दल बोललो, तेव्हा एकांनी विचारलं, "सर, मँगेनीज तर शरीराला लागतं, मग त्याचं विष कसं होतं?" आज तेवढंच बघू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, प्रयोगशाळेतला नव्हे. पण पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढायचा हा माझा जुना विषय, आणि इथं तोच कळीचा आहे.

आधी, लागतं कशाला? पेशीतली कामं विकरं करतात, विकरं म्हणजे एन्झाइम. त्यातल्या काहींना मँगेनीजची जोड लागते. यकृतात युरिया तयार करणारं आर्जिनेज हे एक. दुसरं सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचा एक प्रकार. तो मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, घातक ऑक्सिजनला आवरतो. पण लागतं ते अगदी थोडं. अन्नातल्या मँगेनीजपैकी जेमतेम पाच टक्के आतडं आत घेतं, आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं.

धुळीचं तसं नाही. श्वासातून गेलेलं मँगेनीज फुफ्फुसातून सरळ रक्तात उतरतं, यकृताची चौकी टळते. उंदरांमध्ये तर ते नाकातल्या गंधाच्या नसेवाटे मेंदूकडे जाताना दिसलं आहे.

आत गेल्यावर काय होतं? मँगेनीज कॅल्शियमच्या दारानं मायटोकॉन्ड्रियात शिरतं आणि सहजी बाहेर पडत नाही. मग भट्टी मंदावते. हे डोळ्यांनी बघता येतं. सक्सिनिक डिहायड्रोजिनेज हे त्या भट्टीतलंच एक विकर. ऊतीचा पातळ काप घेऊन त्यावर विशिष्ट रसायन घातलं, की विकर काम करत असेल तिथं रंग चढतो. काम घटलं की रंग फिका. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात उंदरांवर आणि सशांवर अशा चाचण्या झाल्या. सशांच्या श्वासनलिकेतून मँगेनीज डायऑक्साइड दिलं, तेव्हा वृषणातल्या शुक्रजनक नलिकांमध्ये या विकराचं काम घटलेलं आढळलं, आणि पुढे त्या नलिकांचाच ऱ्हास झाला. हा क्रम लक्षात ठेवा: आधी विकर, मग ऊती.

आता माणसाकडे येऊ. १८३७मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरांनी मँगेनीजची पूड करणाऱ्या कामगारांची नोंद केली. पायांतली शक्ती गेलेली, चालताना पुढे झुकणारे, आवाज क्षीण झालेला. मेंदूच्या खोल भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये, मँगेनीज साठतं, आणि तो भाग हालचालींचा. माकडांना मँगेनीज दिलं तर त्यांचीही चाल बिघडते.

पण उंदराची? तो बहुधा माणसासारखा अडखळत नाही. इथंच तर्क घसरतो. "उंदीर नीट चालतो, म्हणजे एवढी मात्रा निर्धोक" असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. लक्षण दिसलं नाही आणि इजा झाली नाही, ही दोन वेगळी विधानं. उंदराचा मेंदू आपल्यासारखा नाही, त्यामुळे चालीबाबत त्याची साक्ष कच्ची. मायटोकॉन्ड्रिया मात्र त्याचे आणि आपले जवळजवळ सारखेच. तिथं त्याची साक्ष पक्की. साक्षीदाराला जे ठाऊक असतं, तेवढंच त्याला विचारावं.

उंदरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. लोह कमी असलेल्या उंदराचं आतडं मँगेनीज जास्त शोषतं, कारण दोन्ही धातूंना आत नेणारं प्रथिन एकच आहे. आपल्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आणि मँगेनीजच्या खाणी कुठे आहेत? नागपूर, भंडारा, पलीकडे बालाघाट. म्हणजे हा आपल्या दाराशीच असलेला प्रश्न.

म्हणून धूळ उडण्याआधी पाणी मारणं, मुखपट्टी, वेल्डिंगच्या जागी धूर ओढून घेणारा पंखा आणि कामगारांच्या रक्तातल्या लोहाची तपासणी, हे चाल बिघडण्याआधी करायचं. एकदा चाल बिघडली, की धुळीतून बाहेर काढूनही माणूस पूर्ण बरा होईल याची खात्री नसते. विकरं आधी सांगतात, पाय फार उशिरा सांगतात.

थांबतो. आता प्रश्न विचारा.