माणूस, माल आणि विमानातली सीट

मागच्या व्याख्यानात आपण न्याय या कल्पनेबद्दल बोललो. ते संपल्यावर आपल्या आष्ट्यातल्याच एक बाई भेटल्या. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. म्हणाल्या, "सर, मुलगा परदेशात असतो. नात दोन वर्षांची होईल आता. तो तिकीट काढतो म्हणतो, पण मी नको म्हणते. मागं एकदा दिल्लीला विमानानं गेले होते. सीटमध्ये धड बसता येईना, पट्टा पुरेना. शेजारचा माणूस दोन तास तोंड फिरवून बसला होता. चूक माझी की त्याची, एवढंच सांगा." आम्ही तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण आमच्याकडे ते तयार नव्हतं. आज या एकाच प्रश्नाचा विचार करू.

प्रश्न एका बाईंचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे आकडे सुमारे २१ आणि १९ होते. या सगळ्यांनाच विमानात अडचण होते असं नाही. पण ज्यांना होते ते आता आपल्याच घरातले लोक आहेत. कोल्हापूरला उजळाईवाडीहून विमानं सुटतात, आणि ज्यांनी आयुष्यभर लाल डब्यातून प्रवास केला ते आता त्यात बसतात.

तेव्हा आधी लाल डब्याकडेच बघू. एसटीत तीन माणसांचा बाक असतो. त्यावर एखादा जाडजूड माणूस आला की काय होतं? "सरा की पावणं जरा," म्हणतो आणि बसतो. बाकीचे दोघे थोडं थोडं सरकतात. कुणी कुरकुरतं, पण भांडण क्वचित होतं. याचं कारण एसटीतली माणसं जास्त दिलदार असतात, असं आम्ही म्हणणार नाही. कारण बाकाच्या बनावटीत आहे. बाकाला मध्ये दांडी नसते. एकाची अडचण तिघांत वाटली जाते. विमानात दोन प्रवाशांच्या मध्ये आर्मरेस्ट येतो आणि वाटून घ्यायची सोय संपते. जी काही अडचण असेल ती एका शेजाऱ्याच्या वाट्याला जाते, आणि त्या अडचणीची लाज दुसऱ्याच्या वाट्याला.

आता त्या सीटचं माप बघा. बोइंग ७३७ मध्ये साध्या वर्गाची सीट साधारण १७ इंच रुंद असते, एअरबस ए३२० मध्ये साधारण १८ इंच. पुढच्या सीटपर्यंतचं अंतर पूर्वी ३५ इंचांच्या आसपास असायचं, आता ते अनेक विमानांत २८ ते ३१ इंचांवर आलं आहे. हे माप ठरवलं कुणी? कंपनीनं, एका विमानात किती तिकिटं विकायची त्या हिशोबानं. अमेरिकेच्या संसदेनं २०१८ मध्ये कायदा करून तिथल्या विमान प्रशासनाला सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं. प्रशासनानं २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली, पण प्रश्न एवढाच ठेवला की या मापामुळे प्रवाशांच्या सुरक्षिततेला धोका आहे का. नियम असा आहे की अपघात झाला तर अर्धे दरवाजे बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत. सोय, सन्मान हे त्या प्रश्नात नव्हतंच.

सीट किती धक्का सोसते याची चाचणी ७७ किलोचा पुतळा बसवून करतात. म्हणजे सीटच्या मनात एक माणूस आहे, आणि तो सरासरी माणूस आहे. ही सरासरी माणसाची कल्पना बेल्जियमच्या आदोल्फ केटले या गणितज्ञाची, १८३० च्या दशकातली. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं ते सूत्रही त्याचंच. आज डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात ते नाव त्याला मिळालं १९७२ मध्ये. केटलेला लोकसंख्येचा अभ्यास करायचा होता. एकेका माणसाला मापात बसवणं हा त्याचा हेतू नव्हता.

आपल्या भागात तर हे चटकन समजावं. इथून जवळच कवठेपिरान आहे. तिथले मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ९७ किलो गटात सुवर्णपदक घेऊन आले, १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. रुंद खांदे आणि भरलेलं शरीर हा या मुलखात अभिमानाचा विषय. असाच एखादा पैलवान आज विमानाच्या मधल्या सीटवर बसवा. दोन्हीकडच्या प्रवाशांच्या खांद्याला त्याचा खांदा लागणारच. तालमीत कमावलेलं शरीर आणि आजारानं वाढलेलं शरीर यांतला फरक सीटला कळत नाही.

पैलवानाचं उदाहरण तत्त्वज्ञानात जुनं आहे. ॲरिस्टॉटल मध्यम मार्ग सांगताना म्हणतो की १० मापं अन्न जास्त आणि २ कमी, म्हणून सगळ्यांना ६ द्या, असं चांगला वस्ताद करणार नाही. मायलो नावाच्या मल्लाला ६ मापं कमी पडतील आणि तालमीत नव्यानं आलेल्या पोराला ती जास्त होतील. सगळ्यांना सारखं देणं आणि ज्याला जे पुरेल ते देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर लगेच एक आक्षेप येतो. "माझी बॅग १५ किलोच्या वर २ किलो गेली तर पैसे घेतात. शेजारचा माझ्याहून ४० किलो जड, त्याला मात्र काहीच नाही. हा कुठला न्याय?" आक्षेप फालतू नाही. तो सोडवायला वजन आणि रुंदी वेगवेगळी करायला हवीत.

वजन हा विमानाच्या तोलाचा प्रश्न आहे, आणि लहान विमानात तो गंभीर असतो. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेत शार्लट इथं एक छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं, २१ जण गेले. देखभालीतली चूक हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे कागदावर धरलेल्या सरासरी वजनापेक्षा खरं वजन जास्त होतं आणि तोल मागच्या बाजूला गेला होता. त्यानंतर तिथं प्रवाशाचं सरासरी वजन वाढवून धरायला लागले. न्यूझीलंडच्या कंपनीनं २०२३ मध्ये आणि फिनलंडच्या कंपनीनं २०२४ मध्ये राजीखुशीनं येणाऱ्या प्रवाशांची वजनं घेतली, तीही याच सरासरीसाठी. यात अपमान काही नाही. पण शेजारच्याला टोचते ती रुंदी, वजन नव्हे. आणि भाडं तर या दोन्हींपेक्षा वेगळी गोष्ट आहे.

भाड्याचा नियम आपण एसटीत रोज बघतो. पोत्याचं लगेज वजनावर, माणसाचं तिकीट डोक्यावर. कंडक्टर लहान मुलाचं अर्धं तिकीट फाडतो तेही वयावर, वजनावर नाही. माल किलोत मोजतात, माणूस संख्येत. २०१३ मध्ये सामोआ एअर या कंपनीनं माणसाचंही भाडं किलोवर लावलं, तेव्हा जगभर चर्चा झाली. हिशोब म्हणून त्यात चूक काढता येत नाही, तरी आपल्याला ते खटकतं. बॅग मी घरी ठेवून येऊ शकतो. शरीर ठेवून येऊ शकत नाही, कारण प्रवास त्या शरीराचाच चालला आहे.

ही सीमा किती पातळ आहे ते मुंबईनं २०१७ मध्ये पाहिलं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियातल्या इमान अहमद उपचारासाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या. वय ३६, वजन सुमारे ५०० किलो असल्याचं सांगितलं गेलं. प्रवासी विमानात त्यांना आणणं शक्यच नव्हतं. ११ फेब्रुवारीला त्या मालवाहू विमानातून, खास बनवलेल्या पलंगावर, मुंबईत उतरल्या. रुग्णालयात त्यांना क्रेननं उचलून घ्यावं लागलं, आणि हे सगळं कॅमेऱ्यांनी टिपलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचं निधन झालं. त्यांची अवस्था टोकाची होती आणि मालवाहू विमान हाच उपाय होता, हे खरं. पण नेहमीच्या प्रवासात आपल्याला हेच ठरवायचं आहे, की तिकीट काढणारा माणूस प्रवासी आहे की जागा व्यापणारी वस्तू.

दुसरा आक्षेप जास्त कडक आहे. "खाण्यावर ताबा नाही, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?" लठ्ठपणामागे आनुवंशिकता असते, थायरॉइडसारखे आजार असतात, स्टेरॉइडसारखी औषधं असतात, आणि हो, खाणंपिणंही असतं. एकाच माणसात हे सगळं गुंतलेलं असतं, ते विमानतळाच्या काउंटरवर सोडवता येणार नाही. शिवाय पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस एसटीत चढला तर आपण त्याला जागा देतो. पडलास तेव्हा प्यायला होतास का, असं विचारत नाही. गरज खरी आहे का एवढं बघतो. तोच नियम इथं लावायला काय हरकत आहे?

पण याच्या उलट बाजूलाही आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. त्या शेजारच्या माणसानंही पूर्ण तिकीट काढलं होतं. त्याच्या जागेतली दोन-तीन इंच गेली हे खरं नुकसान आहे. "जरा मोठं मन ठेवा," असं त्याला बाहेरच्यांनी सांगणं सोपं आहे. मोठं मन ज्याचं त्यानं दाखवायचं असतं, दुसऱ्यानं त्याच्याकडून वसूल करायचं नसतं. बाई चुकल्या नाहीत, तो माणूसही चुकला नाही, तरी दोघांनाही त्रास झाला. अशा वेळी तिसरा कोण आहे ते शोधावं. तिसरा तो, ज्यानं माप ठरवलं, पैसे दोघांकडून घेतले, आणि इंचांचा तंटा मात्र दोघांवर सोडला.

कॅनडात हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला गेला. तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला की देशांतर्गत प्रवासात एका माणसाला एकच भाडं. अपंगत्वामुळे किंवा लठ्ठपणामुळे ज्याला खरोखर एक सीट पुरत नाही, त्याच्याकडून दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. नुसती अडचण वाटते एवढं कारण पुरत नाही. कंपन्या वरच्या न्यायालयात गेल्या, सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि २००९ च्या जानेवारीपासून नियम लागू झाला. खर्चाचा अंदाजही प्राधिकरणानं मांडला होता. तो सगळ्या तिकिटांवर वाटला तर एका कंपनीत तिकिटामागे ७७ सेंट आणि दुसरीत ४४ सेंट. म्हणजे बाकावर तिघांनी सरकावं तसं इथं सगळे प्रवासी थोडं थोडं सरकले.

अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीनं दुसरी वाट धरली. आर्मरेस्ट खाली येत नसेल तर दुसरी सीट घ्या, पैसे नंतर परत मिळतील, असं तिचं धोरण बरीच वर्षं होतं. जानेवारी २०२६ पासून तिनं अटी कडक केल्या. आता सीट आधी विकत घ्यावी लागते, आणि विमान भरलेलं असेल तर पैसे परत मिळत नाहीत. कंपनीच्या मर्जीनं मिळालेली सोय कंपनीच्या मर्जीनं जाते. कॅनडात ती हक्क म्हणून मिळाली, हा फरक लक्षात घ्या. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत लठ्ठपणा नाही. काही कंपन्या जादा सीट विकतात, पण ते विकणंच झालं.

आमचं मत विचाराल तर ते कॅनडाच्या बाजूला आहे. जॉन रॉल्स या विचारवंतानं १९७१ च्या ग्रंथात एक युक्ती सांगितली. नियम ठरवताना, त्या नियमाखाली आपण कोण असणार हे आपल्याला माहीत नाही असं समजायचं. तसं समजून बघा. तुम्ही त्या बाई असाल, शेजारचा माणूस असाल, किंवा आज सडपातळ आणि वीस वर्षांनी औषधांमुळे सुजलेले असाल. कोणता नियम निवडाल? आम्हाला वाटतं, बहुतेक लोक तिकिटामागे थोडे पैसे जास्त द्यायला तयार होतील. आणि कंपन्यांना हे मान्य नसेल, आम्ही जागाच विकतो असं त्या म्हणत असतील, तर निदान तिकिटावर सीटची रुंदी छापावी. कापड घेताना आपण पन्हा विचारतो, इथं तो विचारायचीही सोय नाही. मात्र कोणताही नियम आला तरी गरज आहे की नाही ही तपासणी बुकिंगच्या वेळी, खासगीत व्हावी. रांगेत सगळ्यांसमोर ती झाली, तर हक्क मिळूनही माणूस जाणार नाही.

आता त्या बाईंसाठी चार गोष्टी, कारण नात काही कायदा होईपर्यंत थांबणार नाही. बुकिंग झालं की कंपनीला फोन करून आधी सांगा. पट्ट्याला जोडायचा जादा तुकडा विमानात असतो, तो चढतानाच हवाईसेविकेकडून मागून घ्या, तो फुकट असतो. सगळ्यात पुढची रांग ऐसपैस वाटते म्हणून ती घेऊ नका. तिथं जेवणाचा ट्रे बहुधा आर्मरेस्टच्या आत असतो, त्यामुळे तो वर होत नाही आणि जागा उलट थोडी कमी पडते. जमलं तर मुलाला शेजारची सीट घ्यायला सांगा, किंवा ओळखीचं माणूस शेजारी घ्या, म्हणजे मधला आर्मरेस्ट वर करून विमानातही बाक करता येतो.

आणि प्रश्नाचं उत्तर. बाई, चूक तुमची नव्हती. त्या माणसाचीही नव्हती, पण तोंड फिरवण्याऐवजी तो तुमच्याशी दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. तक्रार दोघांनी मिळून करायची होती, आणि ती कंपनीकडे.

तुम्ही जाऊन या. परत आलात की पुढच्या एखाद्या व्याख्यानाला या आणि प्रवास कसा झाला ते सांगा. आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.