नळाचं गोडं पाणी आणि एक इंच माती

सुट्टीवर आलेल्या आई-वडिलांना बॉस्टनच्या नळाचं पाणी पहिल्याच आठवड्यात आवडून जातं. तुरीची डाळ कुकरमध्ये पटकन मऊ होते, साबणाला भरपूर फेस येतो. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर संसार केलेल्या बाईला याचं कौतुक वाटलं तर नवल नाही! शाळेत आपण ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी शिकलो, त्यातलं हे अस्सल सुफेन. माणसांना ते छान मानवतं. पण याच पाण्यावर मुलांच्या हौसेसाठी मातीची, जिवंत वनस्पतींची फिश टँक लावायची असेल, तर या गोडेपणाची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी.

नाहीतर काय होतं? दोन महिन्यांत वॅलिस्नेरियाची पानं विरघळू लागतात, गोगलगायींच्या शंखांवर पांढरे खड्डे पडतात, टाकी गराज सेलमध्ये जाते आणि मुलाच्या मनात बसतं की आपल्या हाताला काही लागत नाही. खरं तर दोष हाताचा नसतो. पाण्यात जे मुळातच नाही, त्याचा असतो.

माती कशासाठी?

डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली वनस्पतींच्या मत्स्यालयावर एक पुस्तक लिहिलं आणि ही पद्धत घरोघरी पोचली. कृती सोपी आहे. तळाला साधारण एक इंच माती, तिच्यावर एक इंच बारीक खडी आणि पहिल्या दिवसापासून दाट लागवड. मातीतला पालापाचोळा जिवाणू कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि वनस्पतींना तो आयता मिळतो. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया वनस्पती खाऊन टाकतात. महागडं खत नको, गॅसचा सिलिंडर नको.

माती म्हणजे दुकानात मिळणारं साधं ऑरगॅनिक पॉटिंग सॉइल. खताच्या गोळ्या घातलेलं नको, आणि पांढरे परलाइटचे दाणेही नकोत, ते तरंगत वर येतात. चाळून घ्या म्हणजे काटक्या निघतील. आपल्या मंडळींना शेणखताचा मोह फार! परसातल्या वांग्यांना ते अमृत असेल, पण बंद टाकीत त्याचा अमोनिया माशांना मारतो.

आपलं पाणी येतं कुठून?

फ्रेमिंगहॅम, वॉल्थॅम, लेक्सिंग्टनसारख्या गावांना मिळणारं पाणी मुख्यतः क्वाबिन आणि वाचूसेट या जलाशयांतून येतं. क्वाबिनसाठी १९३८ साली डॅना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायमची मिटवली गेली. कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यावर वेगळं सांगायला नको. भोवती जंगल आणि कठीण खडक, चुनखडी जवळजवळ नाही. त्यामुळे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अगदी थोडं, मत्स्यालयवाल्यांच्या भाषेत ‘जी.एच.’ जेमतेम एक डिग्री.

इथे एक गंमत आहे. नळाचे पाइप गंजू नयेत, शिसं विरघळू नये म्हणून शुद्धीकरण केंद्रात पाण्यात सोडा ॲश घालतात. त्यामुळे पी.एच. नऊच्या वर जातो. ते पाहून माणूस म्हणतो, “अरे, हे पाणी तर जड आहे!” जड नाही. सोडा ॲश म्हणजे सोडियम. त्याने पी.एच. चढतो, वनस्पतींना आणि शंखांना लागणारं कॅल्शियम मिळत नाही. म्हणून पी.एच.च्या पट्टीवर विसंबू नका, जी.एच.चं वेगळं टेस्ट किट घ्या. ॲक्टन, श्रूजबरी यांसारख्या गावांच्या स्वतःच्या विहिरी आहेत, तिथला हिशेब निराळा. न्यूयॉर्कचं कॅट्सकिलचं पाणी, सिॲटल, व्हँकुव्हर, ग्लासगो ही मात्र आपलीच भावंडं.

चमच्याचा हिशेब

वीस गॅलनच्या टाकीत माती-खडी जाऊन साधारण ६० लिटर पाणी मावतं. जी.एच. एकावरून पाचावर न्यायचा, तर सुमारे पावणेपाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट आणि अडीच ते पावणेतीन ग्रॅम एप्सम सॉल्ट पुरतं. किचन स्केलवर मोजा, वेगवेगळ्या भांड्यांत पाण्यात विरघळवा आणि थोडंथोडं सोडा. चीज करण्यासाठी मिळतं ते खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराईड घ्या. ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळवायला गराजमध्ये ठेवलेली पिशवी उघडू नका, तिच्यात आणखी काय मिसळलंय कोणास ठाऊक!

मातीत मूठभर कुटलेले ऑयस्टरचे शिंपले मिसळले तर उत्तमच. कोंबड्यांच्या खाद्यात विकतात तेच. माती आंबट होत जाते तसे ते हळूहळू विरघळतात आणि कॅल्शियम देत राहतात.

पाणी बदलताना जितकं नवं, तितक्याच प्रमाणात क्षार घाला. पंधरा लिटर बदललं तर पाव हिस्सा. पण नुसतं वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरताना काही घालू नका. वाफ जाते, क्षार टाकीतच राहतात.

पहिले सहा आठवडे

आपल्या पाण्यात क्लोरीन नव्हे, क्लोरामाइन असतं. बादली रात्रभर उघडी ठेवण्याची जुनी युक्ती इथे चालत नाही. क्लोरामाइन फोडून अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर वापरा. नवी मातीसुद्धा सुरुवातीला अमोनिया सोडते. तो पी.एच. सातला फारसा बाधत नाही, पण नऊला त्याचा तिसरा हिस्सा तरी विषारी रूपात असतो. मातीमुळे पी.एच. हळूहळू खाली येतो, पण तोपर्यंत धीर धरा. अमोनियाची चाचणी आठवडाभर सलग शून्य येईपर्यंत मासे आणू नका. मुलं रोज विचारतील, “मासे कधी?” तेवढा काळ तुम्हीच खंबीर राहा.

रोपं मात्र पहिल्याच दिवशी भरपूर लावा. तळाचा तीन चतुर्थांश भाग झाकला गेला पाहिजे. क्रिप्टोकोरिन, भारतातली रोटाला, वॉटर विस्टेरिया, जावा फर्न ही मृदू पाण्यात सुखात राहतात. वॅलिस्नेरियाला क्षार लागतात, ती जी.एच. वाढवल्यावरच लावा. दिवा सकाळी चार-पाच तास आणि संध्याकाळी चार-पाच तास ठेवा. मधल्या वेळेत टाकीला वामकुक्षी घेऊ द्या! तेवढ्यात कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो आणि शेवाळाला आळा बसतो.

पुढे नवी पानं चुरगळलेली, वाकडी निघाली तर कॅल्शियम तपासा. जुनी पानं शिरांमधून पिवळी पडली तर मॅग्नेशियमकडे बघा. माशांत निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ बेताच्या संख्येने ठेवा. मॉलीला याहून जड पाणी लागतं. तिचा हट्ट नको.

शेवटी एक विनंती. छाटलेली रोपं तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. आपल्या उपासाच्या शिंगाड्याचाच भाऊबंद मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणिसाव्या शतकात बाहेरून आला. आज तो इथल्या तळ्यांवर पसरून त्रास देतो आहे आणि दर उन्हाळ्यात स्वयंसेवक होड्यांतून तो उपटतात. त्यापेक्षा कढीपत्त्याचं रोप जसं आपण कुंडीतून एकमेकांकडे पोचवतो, तशी ही रोपं झिपलॉकमध्ये घालून मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आणा. सोबत आपल्या गावच्या पाण्याचा जी.एच. चिठ्ठीवर लिहून द्या. घेणाऱ्याला रोपाइतकीच ती चिठ्ठीही उपयोगी पडेल.